डोलीत कोण बसायचं

इतिहास मंडळात मला घेतलं ते माझ्या खुर्च्यांसाठी. हे मला पहिल्याच बैठकीत कळलं. मी धंद्यातला माणूस, समोरच्याला माझ्याकडून काय हवंय हे ओळखल्याशिवाय मी चहासुद्धा घेत नाही. तरी मी मंडळात गेलो, कारण मलाही त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं आणि ते त्यांना कळलेलं नव्हतं.

ऐंशीचं दशक तेव्हा निम्मं उलटलं होतं. रत्नागिरीत माझं मंडपाचं दुकान चांगलं बसलं होतं. वासे, कनाती, सतरंज्या, लोखंडी घडीच्या खुर्च्या, दोन कर्णे आणि एक मायक्रोफोन. यातली एकही वस्तू मला कोणी दिलेली नाही. देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरात आमची वाडी. घरोघरचे पुरुष मुंबईला गेले, मी रत्नागिरीला आलो. दुसऱ्याच्या मंडपाचे वासे वाहिले, लग्नांत पंगतीनंतर सतरंज्या झटकल्या आणि एक दिवस मालकाला सांगितलं की उद्यापासून मी येत नाही, उद्यापासून मी तुमच्या समोरच्या बाजूला बसतो. माझं डोकं लवकर तापतं हे सगळ्या बाजारपेठेला माहीत होतं. तापल्या डोक्याने मी जास्त चांगला सौदा करतो हे मात्र फक्त मला माहीत होतं.

मंडळाशी गाठ पडली ती एका रविवारी. जुन्या कचेरीच्या आवारात कसलासा कार्यक्रम होता आणि माझी माणसं ट्रकमधून वासे उतरवत होती. तिथेच झाडाखाली वीसपंचवीस माणसांचा घोळका उभा होता. मध्ये एक तरुण प्राध्यापक, पातळ दाढी, खांद्याला शबनम. गावातल्या लोकांना गावातलाच इतिहास चालत चालत सांगायचा, असा त्यांचा उपक्रम होता. तो सांगत होता, "इथून इंग्रज साहेब दौऱ्यावर निघायचा. तंबू, गाड्या, कुत्री, खानसामा, सगळा लवाजमा घेऊन. मुलुखाची पाहणी करायचा."

मी तिथूनच विचारलं, "आणि घाटीत? जिथे गाडी जात नाही तिथे?"

"तिथे डोलीतून जायचा."

"डोली कोण न्यायचं?"

"गावकरी."

"मजुरी मिळायची?"

"मजुरीचा नियम होता तसा," तो म्हणाला.

"नियमाचं नाही विचारलं मी."

घोळका हसला. प्राध्यापक चिडला नाही. कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे आला आणि म्हणाला, "तुम्ही आमच्यात या ना. असे प्रश्न विचारणारं कोणी नाही आमच्यात." मला बरं वाटलं. मग त्याने वळून वळून माझ्या ट्रककडे पाहिलं तेव्हा तेवढं बरं वाटलं नाही.

मला काय हवं होतं ते आता सांगतो. माझा आजा डोली वाहायचा. साहेबाची कधीतरी, वर्षा-दोन वर्षांतून. खोताची मात्र बोलावणं येईल तेव्हा. आम्ही कुळं, गाव खोताचं. सरकारचा सारा खोत भरायचा आणि आमच्याकडून त्याला वाटेल तसा वसूल करायचा. वर वेठ. खोताच्या शेतावर आधी राबायचं, मग आपल्या. खोताला लग्नाला जायचं, खोताच्या बाईंना माहेरी जायचं, खोताच्या पाहुण्यांना घाटी उतरून बंदराला जायचं, की आमच्या वाडीतले चार खांदे. मजुरी नाही आणि नाही म्हणायची सोय नाही. एका पावसाळ्यात लावणीच्या ऐन दिवसांत आज्याला खोताच्या व्याह्यांना पोचवायला धाडलं. वाटेत पऱ्ह्याला पाणी भरलं, माणसं पलीकडे अडकून पडली. परत येईपर्यंत आमच्या भाताच्या रोपांचा तरवा पिवळा पडला होता. ते वर्ष घरात भात नव्हता, वरीवर काढलं. हे मला आज्याने सांगितलेलं नाही. आजा याबद्दल बोलतच नसे. आजी सांगायची, आणि सांगताना भांडी आपटायची.

शाळेत मला इंग्रजांचा जुलूम शिकवला. तो मी पाठ केला. खोताचं नाव त्या धड्यात नव्हतं. तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट बसली होती, की कधीतरी, कुठेतरी, चारचौघांत, मोठ्या अक्षरात हे लिहिलेलं मला बघायचं आहे. एवढंच. सूड नको, जमीन नको. जमीन कायद्याने मिळालीच होती.

बैठक अध्यक्षांच्या घरी असायची. अध्यक्ष म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना सर म्हणत. पांढरं धोतर, स्वच्छ बोलणं, आवाज कधी वर नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला "या, बसा" म्हटलं, खुर्ची पुढे केली. मग विचारलं, "मूळ कुठले तुम्ही?"

मी वाडीचं नाव सांगितलं.

त्यांचा चेहरा उजळला. "अरे, म्हणजे तू आमचाच की."

मी त्यांचाच. त्यांचे वडील आमचे खोत. मी नाव ऐकून होतो, माणूस बघितलेला नव्हता. ते लहानपणापासून शिक्षणाला बाहेर होते. त्यांना खरोखर आनंद झाला होता, हे सांगितलं पाहिजे. आतून लाडू मागवले. "वाडीत आता कोण कोण आहे रे," विचारलं. पण "तुम्ही"चा "तू" झाला तो झालाच. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान प्राध्यापकाला ते अहो-जाहो करत आणि मला, "तू जरा ती खिडकी लाव." मी लाडू खाल्ला. लाडू चांगला होता आणि माझं डोकं तापलं होतं.

ठरलं असं, की शाळेच्या पटांगणावर तीन संध्याकाळी इंग्रजी अमदानीचं प्रदर्शन भरवायचं. नाणी, तिकिटं, जुनी मापं, बंदराचे फोटो, एका बाजूला व्याख्यान. आणि शेवटी रोज एक जिवंत देखावा: साहेबाचा दौरा. बँकेत एक उंच गोरा कारकून होता, त्याला साहेब करायचा. डोलीत बसवून पटांगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आणायचा. मंडप माझा, विनामूल्य, स्वयंसेवक म्हणून. डोली मी बांधायची. डोलीला चार माणसं मी आमच्या वाडीतून आणायची, कारण सर म्हणाले, "आमच्या वाडीतल्या लोकांना त्याची सवय आहे." हे ते कौतुकाने म्हणाले.

देखाव्याशेजारी एक मोठा फलक लागणार होता. त्याचा मजकूर प्राध्यापकाने वाचून दाखवला. त्यात एक वाक्य होतं, "दौऱ्यावर येणाऱ्या साहेबाला गावकरी सर्व प्रकारचे सहकार्य करीत."

मी म्हटलं, "सहकार्य?"

"म्हणजे मदत," प्राध्यापक म्हणाला.

"मदत मी समजतो. शेजाऱ्याचं घर शाकारायला जातो ती मदत. याला वेठ म्हणतात."

सर म्हणाले, "वेठ हा शब्द जरा बोचतो रे. शाळेतली मुलं येणार, जिल्ह्याचे अधिकारी येणार. आमच्याकडे जुनी माणसं त्याला मदतच म्हणायची."

"तुमच्याकडे म्हणत असतील."

खोलीत सगळे आपापल्या कपात बघायला लागले. मी ठरवूनच आलो होतो. एक वस्तू हवी असेल तर दोन मागायच्या आणि दुसरी हळूहळू सोडून द्यायची. मी म्हटलं, वेगळा फलक पाहिजे, फक्त खोतीवर, खोतांच्या घरांच्या फोटोंसकट. प्राध्यापक घाबरला. सर गोड हसले आणि म्हणाले, आपला विषय इंग्रजी अमदानी आहे, खोती पेशवाईपासूनची, विषयांतर नको. मी म्हटलं, मग खोत इंग्रजांच्या काळात काय रजेवर गेले होते? अर्धा तास मी तो फलक ताणून धरला आणि मग सोडला. सोडताना म्हटलं, "बरं. निदान एक शब्द तरी खरा लिहा." सर म्हणाले, "लिहा हो, साहेबाची वेठ लिहा. इंग्रजांना काय वाईट वाटायचंय."

शब्द मिळाला. त्या वाक्याच्या जागी फलकावर "साहेबाची वेठ" एवढंच आलं. पण तो साहेबाच्या नावावर गेला. खोत कोरडे राहिले. मी मनात म्हटलं, अजून तीन संध्याकाळी आहेत.

पहिल्या संध्याकाळी पटांगण भरलं. आमच्या वाडीतून माझा चुलतभाऊ तिघांना घेऊन आला. माझ्यापेक्षा मोठा, शेती करणारा, गाडी न पोचणाऱ्या वाडीतली आजारी माणसं डोलीतून सड्यावरच्या रस्त्यापर्यंत पोचवणारा. खुर्ची दोन वाशांना आवळून बांधलेली बघून त्याने एक गाठ सोडली, पुन्हा बांधली आणि म्हणाला, "मंडपाची गाठ हाय ही. माणूस पडंल." साहेब खाकी टोपी घालून बसला. साहेबाच्या आगमनाला वाद्य हवं म्हणून कोणीतरी ढोल आणलेले. हे मला आधी सांगितलं नव्हतं.

डोली उठली. पहिली काही पावलं चौघे बरोबर चालले, जड, माना खाली. मी फलकाशेजारी उभा राहून त्यांची पावलं मोजत होतो. मग ढोल वाजला.

ज्यांनी आमच्या बाजूचा शिमगा बघितला नाही त्यांना हे समजायचं नाही. शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरते आणि ती नुसती नेत नाहीत, नाचवतात. खांद्यावर घेऊन बसतात, उठतात, गरकन फिरवतात, एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर उडवतात. तो मान आहे. त्या मानासाठी भावाभावांत डोकी फुटतात. ढोलाचा तो ठेका लहानपणापासून अंगात मुरलेला असतो. माझ्या चुलतभावाचा पाय त्या ठेक्यावर पडला, मागच्याचा पडला, आणि बघता बघता चौघांनी साहेबाला नाचवायला घेतलं. कारकून एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने वासा धरून बसला होता, डोळे पांढरे. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. शिट्ट्या झाल्या. पुढे बसलेल्या दोघी बायकांनी तर सवयीने हात जोडले आणि मग एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावला.

सर माझ्या बाजूला येऊन उभे राहिले होते. त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते. "बघ," ते म्हणाले, "किती आनंदाने नेतायत. ही आपली माणसं. वेठ कसली यात? शब्द चुकलाच आपला." आणि प्राध्यापकाला, "उद्या तेवढं सहकार्य करून घ्या हो."

मी मंडपामागे गेलो. चुलतभाऊ घाम पुसत होता, खूश होता.

"साहेबाला नाचवलात?" मी म्हटलं.

"ढोल वाजला. खांद्याला काय कळतंय, वर कोण बसलाय ता."

"आजा काय नाचत न्यायचा काय?"

"आज्याला तू बघितलास डोली नेताना? मी बघितला? मग? लोकांना आवडला. बँकवाला घाबरला, तेवढाच बदला झाला."

"तुला इथे हसवायला आणला नव्हता. आज्याची वेठ दाखवायला आणला होता."

तो बसला होता तो उठला. "कुणाला दाखवायचीय? तू शेट झालास. खुर्च्या झाल्या, कर्णे झाले. तुला आता आज्याची वेठ मिरवायला परवडते. मी वाडीत ऱ्हातंय. पोरीची सोयरीक बघतंय. उद्या पाव्हणे म्हणतील, हे बघा खोताचे वेठे, पाटी लावून सांगतायत. तुझा काय जातो?"

"खोताचं नावच नाही पाटीवर."

"बरा हाय मग," तो म्हणाला, "नाय ता बरा हाय."

मी त्याला नको ते बोललो. तोही बोलला. बाकीचे तिघे विड्या ओढत ऐकत होते, एकानेही मध्ये तोंड घातलं नाही. वाडीत भांडण लागलं की असंच ऐकतात. चौघे रात्रीच्या गाडीने निघून गेले.

मला राग कुणाचा जास्त आला होता हे त्या रात्री ठरवता येईना. सरांचा येत होता, पण त्यांना मी ओळखून होतो. चुलतभावाचा राग वेगळा होता. ज्या आज्यासाठी मी इतकी वर्षं दात धरून होतो त्याच्याच घरातला माणूस म्हणत होता, झाकून ठेव. आणि त्याचं अगदीच खोटं नव्हतं. लाज आमच्याकडे आली होती आणि खोतांकडे लाडू होते. हे कसं झालं, हा प्रश्न कुठल्या फलकावर लिहितात?

सकाळी मी शाळेत पोचलो तर पेंटर शिडीवर होता. "वेठ"वर पांढरा हात मारून झाला होता, नवा शब्द लिहायचा बाकी होता. सर खाली खुर्चीवर बसून देखरेख करत होते. माझ्याच खुर्चीवर.

मी म्हटलं, "मंडप सोडतो मी."

"सोड," ते शांतपणे म्हणाले. "धमकी देतोस का मला?"

"धमकी नाही. माल माझा आहे, घरी नेतो."

प्राध्यापक धावत आला. संध्याकाळी अधिकारी येणार, पत्रिका वाटल्यात, असं करू नका, तुमचं म्हणणं रास्त आहे पण. त्याच्या बोलण्यात नेहमी एक "पण" असायचा आणि त्या "पण"च्या पुढे तो कधी गेलेला नव्हता. मी त्याला बोलू दिलं. समोरचा अगतिक झाला की लगेच भाव सांगायचा नसतो. मग म्हटलं, "ठीक आहे. लिहा सहकार्य. माझी काही हरकत नाही."

पेंटरने ब्रश डब्यात बुडवला.

"एकच अट. माझी चार माणसं गेली, ती आज येत नाहीत. डोली आज मंडळाने न्यायची. सहकार्यच आहे ना? मग मंडळाने सहकार्य करावं."

प्राध्यापक एकदम हसला, सुटल्यासारखा. "अहो, मजा येईल. पटांगणापुरतं तर आहे." सरही म्हणाले, "हरकत नाही." पेंटरला मी म्हटलं, तू थांब, संध्याकाळी लिही, रंग वाळायला वेळ लागतो आणि पाहुण्यांच्या कपड्यांना लागेल. तेही त्यांना पटलं. म्हणून दिवसभर त्या फलकावर एक पांढरा चौकोन होता. "साहेबाची" आणि पुढे काहीच नाही.

दुपारी मी ढोलवाल्यांना परत पाठवलं. सांगितलं, कार्यक्रम बदललाय.

संध्याकाळी वाडीतली माणसं आली. आदल्या दिवशीची गंमत ऐकून एसटी भरून आली. म्हाताऱ्या सुद्धा, सतरंजीवर अगदी पुढे. चुलतभाऊही आला, माझ्याकडे न बघता लांब बसला. अधिकाऱ्यांचं भाषण झालं, हार झाले. मग साहेब डोलीत बसला, आज थोडा धीट. प्राध्यापकाने शबनम काढून ठेवली आणि पुढच्या वाशाला गेला. दुसरीकडे मंडळातलेच चित्रकलेचे मास्तर. मागे मी. चौथी जागा मोकळी होती.

सूत्रसंचालन माझ्या मायक्रोफोनवर चाललं होतं. मी तो उचलला आणि म्हटलं, "चौथा खांदा आपले अध्यक्ष, सर देतील."

टाळ्या झाल्या. सर हसत उठले, धोतराचा सोगा सावरत आले. वाशापर्यंत आले. हात सुद्धा पुढे केला. आणि मग त्यांचं लक्ष सतरंजीवर गेलं. पुढे आमची वाडी बसली होती. ज्यांना ते "आमची माणसं" म्हणत ती सगळी तोंडं वर करून बघत होती. सरांचा हात तिथेच थांबला. ते माझ्याकडे वळले आणि अगदी हळू, मला समजावल्यासारखं म्हणाले, "अरे, आमच्यात डोलीला खांदा देत नाहीत."

मायक्रोफोन माझ्या हातात होता आणि चालू होता. दोन्ही कर्ण्यांतून ते वाक्य सगळ्या पटांगणावर गेलं.

अधिकारी गोंधळून शेजाऱ्याला विचारत होते की हे देखाव्यातलंच आहे का. तेवढ्यात चुलतभावाचा आवाज आला, मागून.

"मग तुमच्यात काय करतात, सर?"

उत्तर सतरंजीवरून आलं. आमच्या वाडीतली एक म्हातारी, दात नसलेली, पायांवर गोधडी घेऊन बसलेली, शेजारणीला सांगावं तसं म्हणाली, "बसतत. दुसरा काय."

पटांगण हसलं. आदल्या दिवशीसारखं नाही. आमच्या वाडीचं हसू आधी आलं, मग इतरांचं, आणि आमच्या वाडीचं आधी थांबलं. सर तसेच उभे होते. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं आणि मला, खरं सांगतो, जो आनंद व्हायला हवा होता तो झाला नाही. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. आपल्यात खांदा देत नाहीत हे त्यांच्या अंगात होतं, ढोलाचा ठेका आमच्या अंगात होता तसं. म्हणून तर माझी तिडीक कमी होईना. वाईट माणसाशी भांडता येतं.

ते वळले आणि मंडपाबाहेर गेले. कोणी अडवलं नाही.

चुलतभाऊ उठून आला. चौथ्या वाशाखाली गेला, मला म्हणाला, "खांदा बदल, उंचीला जुळत नाय," आणि मी बदलला. आम्ही डोली उचलली. ढोल नव्हता. पटांगण चालायला लहान वाटतं. डोली घेऊन लहान वाटत नाही. निम्म्यावर प्राध्यापकाचं मानेजवळचं हाड दुखायला लागलं, तो थांबा म्हणाला आणि चुलतभाऊ म्हणाला, "थांबत नायत. साहेब रागवंल." वर बसलेला कारकून ओशाळून म्हणाला, "मी उतरू का?" "बसा," चुलतभाऊ म्हणाला, "बसायचं काम तुमचा." पोचलो तेव्हा प्राध्यापकाने खांदा दाबून धरला होता. टाळ्या झाल्या नाहीत. लोकांना कळेना वाजवायच्या की नाही.

फलकाखाली पेंटर ब्रश घेऊन उभा होता. प्राध्यापकाला विचारत होता, सहकार्यच ना?

प्राध्यापकाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मी काही सांगत नाही. काय नेलंत ते लिहा."

त्याने लिहायला लावलं. "साहेबाची आणि खोताची वेठ." पांढऱ्या चौकोनात तेवढं मावेना म्हणून "खोताची" जरा बारीक झालं, वरच्या ओळीला चिकटलं. पण होतं. लांबून वाचता येत होतं. मी लांब जाऊन वाचलं.

चुलतभाऊ पुढे जाऊन उभा राहिला. त्याला अक्षरं लावून लावून वाचावी लागतात. ओठ हलवत वाचलं. मग म्हणाला, "आज्याचा नाव नाय ना खंय?"

"नाही. कोणाचंच नाव नाही."

"बरा." मग वळून, "म्हातारी कशी बोलली, ऐकलास?"

"ऐकलं."

"तिचा दादला आज्याच्या जोडीला असायचा. पुढच्या वाशाला." हे मला माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं, आणि त्याने इतकी वर्षं मला सांगितलं नव्हतं. मी पुन्हा त्याच्यावर चिडणार होतो, पण एसटीची वेळ झाली म्हणून तो निघाला.

तिसऱ्या संध्याकाळी सर आले नाहीत. फलक मात्र राहिला, कारण उतरवायला शिडी माझी होती. पुढे प्रदर्शनाचा वृत्तांत आला त्यात मंडपाचा उल्लेख होता, फलकाचा नव्हता. प्राध्यापक दुकानावर येऊन म्हणाला की वृत्तांत त्याने लिहिला नाही. मी म्हटलं, लिहिला असतात तर काय लिहिलं असतंत? तो म्हणाला, तुमचं रास्त आहे पण.

पुढच्या वर्षी मंडळाने दुसरा मंडपवाला बघितला. साहेबाचा दौरा तेव्हाही होता. लोकांना आवडला होता, वगळता येईना. फक्त साहेब या वेळी घोड्यावरून आला, समुद्रावर मुलांना फिरवणाऱ्याचा घोडा भाड्याने आणून. मी गेलो नाही. चुलतभाऊ बाजाराला आला होता, तो जाऊन बघून आला. मी विचारलं, कसं झालं. तो म्हणाला, घोडा चांगला होता.